टांग्याच्या मापाचं पुणे

शनिवार

पुणे स्टेशनच्या बाहेर मामा छत्री घेऊन उभे होते, पण छत्री त्यांच्या डोक्यावर नव्हती, खांद्यावरच्या पिशवीवर होती. "पिशवीत वही आहे," एवढंच म्हणाले.

वही म्हणजे आजोबांची खर्चवही, १९४८ सालची. मिरजेहून कोयना एक्स्प्रेसने मी आले ती या वहीपायीच. महिन्यापूर्वी मामांनी फोनवर त्यातली एक नोंद वाचून दाखवली होती : 'स्टेशन ते ना. पेठ, टांगा.' पुढची रक्कम वाचता येत नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, नारायण पेठेतल्या आमच्या आजोळच्या वाड्यात पाणी शिरलं, वही भिजली आणि शाईचा डाग नेमका टांग्याच्या भाड्यावर पसरला. मामा म्हणतात बारा आणे. आई शेवटपर्यंत आठ आणे म्हणत राहिली. आता आई नाही, त्यामुळे वाद मामांनी एकतर्फी जिंकलाय आणि त्याचा त्यांना आनंद नाही.

मला भाड्याशी घेणंदेणं नव्हतं. माझ्या लहानपणी मिरज स्टेशनबाहेर टांगे असायचे. लीद आणि ओला कडबा यांचा एकत्र वास आला की आजही मला मे महिन्याची सुट्टी लागल्यासारखं वाटतं. पुण्यात एके काळी हेच होतं. मग ते इतकं निपटून कुठे गेलं, जाताना मागे काही सोडून गेलं की नाही, हे चार-पाच दिवस हिंडून बघायचं होतं. ऑगस्टातला पाऊस होता, पण मामा म्हणाले, "पुण्याचा पाऊस पडतो कमी, भिजवतो जास्त. ये."

रिक्षांच्या रांगेत तीन जणांनी नारायण पेठ म्हटल्यावर मान फिरवली. मामा शांत. "टांगेवाल्यांकडूनच आलंय हे. फक्त ते स्वतःवर घेत नसत. 'जनावर दमलंय साहेब' म्हणायचे. घोडा बिचारा हरभरे खात उभा."

चौथा तयार झाला. घरी पोचेपर्यंत अंधारलं होतं. वाडा कधीच गेला, तिथे आता चार मजली इमारत आहे. पण जुन्या दाराचा दगडी उंबरा बिल्डरने जिन्याच्या पहिल्या पायरीला लावलाय. मामांनी मला तो ओलांडायला लावला. तेव्हा वाटलं, उगाच भावुक होतायत. दुसऱ्या दिवशी कळलं, म्हातारा माणूस धडा सुरू करत होता.

रविवार

सकाळी शनिवारवाडा. तिकिटाच्या खिडकीवर गर्दी होती म्हणून आत गेलोच नाही. मामांना दिल्ली दरवाजाच दाखवायचा होता. हत्तीने धडक मारू नये म्हणून ठोकलेले ते अणकुचीदार खिळे सगळे बघतात. मामांनी बोट दाखवलं ते दाराच्या पोटातल्या छोट्या दाराकडे, दिंडीकडे. "सांग, यातून काय आत जाईल?"

"माणूस. तोही वाकून."

"आणि मोठं दार उघडलं तर?"

"हत्ती, घोडा, पालखी."

"चाक म्हणालीस का?"

नव्हते म्हणाले. पेशवाईतल्या पुण्यात मानाचं वाहन म्हणजे पालखी. ती ज्याला त्याला मिळत नसे. पालखीचा मान सरकारातून मिळायचा. सरदार घोड्यावर, घरातल्या बायका मेण्यात. घोड्याच्या पाठीवर बसायचं. त्याला गाडीला जुंपायचं ही कल्पना आपल्याकडच्या स्वाराला फारशी रुचणारी नव्हती. गाडी ओढायची ती बैलांनी. छकडा, दमणी, रेंगी ही सगळी घराणी बैलांची. आणि पेठांमधल्या वाड्यांना उंबरा असायचा, चांगला वीतभर उंच. पालखीचे भोई तो सहज ओलांडत, घोडाही पाय उचलून टाकी. अडायचं ते चाक. म्हणजे जुन्या पुण्याच्या दारानेच ठरवलं होतं, आत कोण येणार.

तिथून लक्ष्मी रस्त्याने हुजूरपागा. मुलींची ही शाळा १८८४ सालची, पण नाव शाळेआधीचं : पेशव्यांच्या खास घोडदळाची पागा इथे होती. मुलींना 'हुजूरपागेत जाते' म्हणताना आपण तबेल्यात निघालोय असं सांगतोय हे कधी जाणवत असेल का, असं मी विचारलं. मामांनी माझ्याकडे असं बघितलं की विषय तिथेच मिटला. मामी हुजूरपागेच्या.

पलीकडे रास्ता पेठ. पेशव्यांच्या घोडदळाचे सरदार रास्ते, त्यांनी वसवलेली. आधी तिला शिवपुरी म्हणत. मंडईजवळ 'गाडीखाना'. तिथे पालिकेचा दवाखाना आहे, डॉ. कोटणीसांच्या नावाचा, पण रिक्षावाल्याला कोटणीस म्हटलं तर तो विचारात पडतो आणि गाडीखाना म्हटलं की किक मारतो. पागा, पेठ, गाडीखाना. घोडं गावातून गेलं, नावातून नाही.

मंडईची गॉथिक इमारत १८८६ ची. तिच्या बाजूला मामांच्या लहानपणी टांग्यांची रांग असे. हॉटेलात मिसळ सांगितली आणि मामांनी बिलाच्या पाठीवर पेन्सिल चालवायला सुरुवात केली. आयुष्यभर ड्राफ्ट्समन होते. कागद कोरा दिसला की त्यांना राहवत नाही.

आधी दोन चाकं काढली. "हा टांगा. दोन माणसं पुढे, त्यातला एक टांगेवाला. मागे पाठीला पाठ लावून दोन, तोंड रस्त्याकडे. आता बघ, गाडीला दोनच चाकं म्हणजे ती तराजू झाली. आस, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा दांडा, मधोमध. मागे ओझं जास्त झालं की दांड्या वर उचलल्या जातात, घोड्याच्या पोटाखालचा पट्टा त्याला वर खेचतो. याला म्हणायचं उलाळ. पुढे ओझं जास्त झालं तर ते थेट घोड्याच्या पाठीवर. म्हणून चांगला टांगेवाला भाडं ठरवायच्या आधी माणसं बघायचा. कोण जाड, कोण बारीक, ट्रंक केवढी. 'वहिनी पुढे या, आजोबा मागे,' हा शिष्टाचार नव्हता, गणित होतं."

मग शेजारी चार चाकांची गाडी काढली. पुढची दोन लहान, मागची दोन मोठी. मी हे चित्रात हजार वेळा बघितलंय आणि कधी प्रश्न पडला नाही : पुढची लहान का?

"शोभेला नाही," मामा म्हणाले. "वळण्यासाठी. चार चाकी वळायची तर पुढचा आस आडवा फिरला पाहिजे. आस फिरला की एका बाजूचं चाक गाडीच्या पोटाखाली शिरतं. मोठं चाक शिरणार नाही, अडकेल. म्हणून लहान. आणि तरीही वळायला जागा लागतेच. टांगा जागच्या जागी गर्रकन फिरतो. तुळशीबागेच्या बोळात ही चार चाकी व्हिक्टोरिया घालून बघ. आत जाईल. बाहेर यायला घोडा सोडून गाडी माणसांनी ओढावी लागेल."

फायदे तिचेही होते. चार चाकीत सगळं वजन चाकांवर, घोड्याने नुसतं ओढायचं. पाठीवर काही येत नाही. उलाळ होण्याचं भय नाही. म्हणून रेलून बसता येतं. पेठेतला माणूस टांग्यात ताठ बसून एका हाताने दांडी धरायचा, आणि कॅम्पातला साहेब गादीवर रेलायचा, यात स्वभावाचा भाग कमी आणि चाकांचा जास्त असावा. मला हे फारच आवडलं. मिसळ गार झाली.

सोमवार

विद्यापीठ. दगडी मुख्य इमारत १८६० च्या दशकात मुंबईच्या गव्हर्नरसाठी बांधायला घेतली, पावसाळ्यात तो इथे राहायला येई. आम्ही थेट पोर्चमध्ये जाऊन उभे राहिलो. रखवालदाराला वाटलं आम्ही कुणाची वाट बघतोय.

पोर्च ही बग्गीसाठी बांधलेली जागा आहे, हे कालच्या उंबऱ्यानंतर अचानक दिसायला लागलं. एका बाजूने गाडी आत, पायरीला पायदान लागतं, झग्याला चिखल न लागता बाई उतरते, गाडी न वळता दुसऱ्या बाजूने बाहेर. मागे घेण्याचा प्रश्नच नाही. घोड्याला रिव्हर्स गिअर नसतो. नंतर कॅम्पात हिंडताना जुन्या बंगल्यांकडे बघत गेले. फाटक, अर्धगोल रस्ता, पोर्च. पेठेत उंबरा, कॅम्पात पोर्च. नदी-नाल्यांनी जेवढं शहर विभागलंय त्याहून हे विभाजन मला पक्कं वाटलं.

पण गणेशखिंडीत आल्यावर नुसता बांधकामाचा विचार करता येत नाही. २२ जून १८९७, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव. प्लेगच्या काळात घराघरांत सोजीर घुसवणारा रँड याच गव्हर्नमेंट हाउसमधला समारंभ आटोपून रात्री घोडागाडीने परतत होता. रस्त्यात चापेकर बंधू दबा धरून होते. 'गोंद्या आला रे' हा इशारा शाळेत सगळ्यांनी वाचलेला. दामोदर चापेकर गाडीच्या मागच्या बाजूने वर चढले आणि त्यांनी गोळी झाडली. मागच्या गाडीतल्या आयर्स्टला बाळकृष्ण चापेकरांची गोळी लागली, तो जागीच गेला. रँड ३ जुलैला.

हे मी पूर्वी इतिहास म्हणून वाचलं होतं. या वेळी गाडीकडे बघितलं. कोचमन उंच आसनावर, तोंड पुढे, दोन्ही हातांत लगाम, आणि मागे चाकांचा खडखडाट. घोडा दुडक्या चालीने तासाला बारा-तेरा किलोमीटर जातो, तरणा माणूस धावत गाठू शकतो. गाडीची मागची बाजू म्हणजे कुणाचंच लक्ष नसलेली जागा. ऐटीत जाण्यासाठी केलेल्या गाडीला पाठीमागे डोळेच नव्हते.

आम्ही विद्यापीठाच्या रस्त्याने थोडं चाललो. मेट्रोचे खांब, पुलाचं काम, हॉर्न. मामा काही बोलले नाहीत. मीही.

दुपारी कॅम्पात ईस्ट स्ट्रीटवर चहा घेताना गाड्यांच्या नावांची यादी निघाली. यात मामा कच्चे, मी पक्की, कारण महिनाभर हेच वाचत होते. व्हिक्टोरिया : बुटकी, चार चाकी, मागे दुमडता टप, कोचमन उंचावर, राणीच्या नावाची. लँडो : जर्मनीतल्या लँडाऊ गावावरून, तिचे टप दोन, पुढून आणि मागून येऊन मध्ये मिटतात, उघडले की मिरवणुकीची गाडी, मिटले की बंद डबा. ब्रूहम : चारही बाजूंनी बंद, आटोपशीर, लॉर्ड ब्रूहमने १८३८ च्या सुमारास करून घेतली. डॉगकार्ट : नाव ऐकून कुत्री ओढत असतील असं वाटतं, पण ती सीटखालच्या झरोक्याच्या पेटीत बसायची, शिकारीला निघालेली. माणसं वर पाठीला पाठ लावून. म्हणजे बैठक आपल्या टांग्याचीच.

"आणि लंडनमध्ये बोळ नव्हते का?" मामांनी बरोबर पकडलं. होते, म्हणून तर हॅन्सम कॅब. १८३४ साली जोसेफ हॅन्सम नावाच्या वास्तुरचनाकाराने पेटंट घेतलेली, दोन चाकांची; पुढे ती सुधारत गेली आणि कोचमनचं आसन मागे, टपाच्याही वर गेलं. चपळ, चिंचोळ्या रस्त्यातून वळणारी. मामांना समाधान वाटलं. जगभर बोळाला दोन चाकंच लागतात.

फिटन हा शब्द माझ्या आजीच्या तोंडी होता, ती कुठलीही देखणी गाडी दिसली की 'काय फिटन आहे' म्हणायची. मूळ फेटन, ग्रीक सूर्यदेवाचा मुलगा. बापाचा रथ हट्टाने घेतला आणि घोडे आवरले नाहीत. हलक्या, वेगवान, उलटण्याची भीती असलेल्या गाडीला हे नाव देणाऱ्याला विनोद कळत होता. शिग्राम मात्र आपला : शीघ्र वरून. साहेबाने तो आपल्याकडून उचलला आणि मुंबईच्या भाड्याच्या गाड्यांना लावला. आणि 'कोच' हंगेरीतल्या कोच गावाचा, जिथे चांगल्या गाड्या बनत. तिथून कोचमन, रेल्वेचा कोच, आणि परीक्षेतून विद्यार्थ्याला ओढून नेतो म्हणून शिकवणारा कोच. सदाशिव पेठेतल्या स्पर्धा परीक्षांच्या क्लासबाहेर उभ्या असलेल्या पोरांना हे सांगायला हवं.

मंगळवार

मामेभावाने गाडी काढली, खंडाळा. धुकं इतकं की दरी दिसली नाही, कणीस मात्र खाल्लं.

एकच गोष्ट लिहिण्यासारखी. पुण्याला चाकं एवढी उशिरा का आली याचं उत्तर या घाटात आहे. बोरघाटात गाडीरस्ता झाला तो १८३० साली, गव्हर्नर माल्कम यांच्या काळात. नोव्हेंबरात त्यांनीच तो मोठ्या थाटात खुला केला. त्याआधी माल बैलांच्या पाठीवरून चढायचा, आणि एखाद्या साहेबाला मुंबईची बग्गी पुण्यात हवीच असली तर ती वाशांना बांधून हमालांच्या खांद्यावरून वर यायची. म्हणजे गाडीचीच पालखी.

रेल्वेनेही घाटाला एकदम हात घातला नाही. खंडाळा ते पुणे लोहमार्ग १४ जून १८५८ ला सुरू झाला, घाटातला १८६३ ला. मधली पाच वर्षं प्रवासी खालच्या गाडीतून उतरून पालखी, तट्टू, छकडा मिळेल ते करून घाट चढत आणि वर दुसऱ्या गाडीत बसत. तेव्हाच्या कुणाच्या खर्चवहीत हा हिशेब किती ओळींचा असेल!

आगगाडीने घोडागाडी संपवली असं मला वाटायचं. उलट झालं. आगगाडी स्टेशनात आणून सोडते, घरात नाही. स्टेशन आलं म्हणून स्टेशनबाहेर टांगे आले. महाबळेश्वरसारख्या ठिकाणी तर रेल्वे उतरल्यावर पुढचा सगळा रस्ता टांग्याचाच होता, टप्प्याटप्प्यावर घोडे बदलत. टांग्याच्या पोटावर पाय आला तो बस आणि रिक्षा आल्यावर; पुण्यात पीएमटी १९५० ची. मुंबईच्या व्हिक्टोरिया त्यामानाने चिवट, शेवटी हौसेच्या फेऱ्यांपुरत्या उरल्या. २०१५ साली उच्च न्यायालयाने घोड्यांचे हाल बघून त्या बंद करायला सांगितलं, आणि २०२१ पासून तशाच दिसणाऱ्या बॅटरीवरच्या गाड्या फिरायला लागल्या. वाईट वाटायचं की बरं, मला ठरवता आलं नाही. मिरजेच्या त्या टांग्याच्या घोड्याच्या खांद्यावर पट्ट्याने घासून पडलेली जखम मला चांगली आठवते. त्यावर माश्या बसू नयेत म्हणून टांगेवाला हळद लावायचा आणि तरी गाडी जुंपायचाच.

बुधवार

परतीची गाडी संध्याकाळची. सकाळी मामा म्हणाले, एक जागा राहिलीय.

नाना पेठेच्या मागच्या अंगाला, भंगारवाल्यांच्या ओळीत एक पत्र्याची शेड. आत लग्नाच्या बग्ग्या. चातुर्मास असल्याने धंदा बंद, सगळ्या ताडपत्रीखाली. मालकाने एक कोपरा उचलला : पांढरा फायबरचा हंस, लाल मखमल, दिव्यांच्या माळांच्या वायरी, खाली बॅटरी. "नवरदेवाला उजेड लागतो," तो म्हणाला. चाकं लोखंडी, वर रबर. पुढची लहान, मागची मोठी. मी वाकून बघितलं. पुढचा आस फिरता होता, पण चाक हंसाच्या मानेला अडणार हे उघड होतं. मालकाने मान डोलावली. "वळत नाही नीट. कार्यालयापाशी चौघं धरून उचलून फिरवतो."

शेडच्या टोकाला, कोणी ढकलून ठेवल्यासारखा, एक टांगा होता. त्याच्या वडिलांचा. रंग उडालेला, मागच्या सीटचा काथ्या बाहेर आलेला, पण लाकडी चाक शाबूत. आरे मोजले, चौदा. चाकाच्या मधल्या तुंब्याला काळं वंगण अजून चिकटलेलं. लोखंडी धाव, म्हणजे चाकावरचं कडं, बसवण्याची रीत त्याने हातवारे करून सांगितली : धाव चाकापेक्षा किंचित लहान करायची, भट्टीत लाल करायची म्हणजे ती फुगते, चाकावर घालायची आणि लगेच पाणी ओतायचं. आकसताना ती सगळे आरे तुंब्यात करकचून बसवते. खिळा नाही, डिंक नाही. "लाकूड ओरडतं त्या वेळी," तो म्हणाला. त्याने लहानपणी ऐकलंय.

घोडी बाहेर बांधलेली होती, पांढरी, तोंडाला तोबरा. नालबंद पुढच्या आठवड्यात येणार होता, गणपतीच्या आधी, म्हणून ती एका पायाचा खूर सारखा टेकवत आणि उचलत होती. काय मनात आलं कोण जाणे, मालकाने विचारलं, "बसायचंय?"

घोडी जुंपायला दहा मिनिटं लागली. पट्टा एका भोकाने लांब होता, तो लग्नाच्या बग्गीचा. मी मागे चढले, माझी प्रवासाची बॅग, मिरजेला न्यायचे बाकरवडीचे चार पुडे आणि स्वतःचं वजन घेऊन. टांगा माझ्याखाली हलकेच मागे गेला, दांड्या वर उठल्या, घोडीने मान उंच केली.

मालक तोंड उघडणार तेवढ्यात पुढच्या सीटवर मामा काही न बोलता, गुडघा धरून, वीतभर पुढे सरकले. दांड्या खाली आल्या.

"आठच आणे असतील," मामा समोर बघत म्हणाले. "दोघंच तर होते ते."